ब्रेकमधलं ऑइल

म्हसरूळ, नाशिक
९ डिसेंबर २००३

धनराजराव,

नमस्कार. 'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते मुद्दामच.

तुमच्या पॅकहाउसात द्राक्षांच्या पेट्या वाहणारा पट्टा मी केला. कोल्ड स्टोरेजच्या दाराची बिजागरं माझी. ट्रॅक्टरमागचा फवारणीचा पंप माझ्या हातचा, सरिताताईंच्या झोपाळ्याच्या कड्यासुद्धा. कुठल्या शाळेत हे शिकलो नाही, पण यातलं काहीही आजवर दुरुस्तीला परत आलेलं नाही. 'झुंबररावांच्या घरात कुठल्या डब्यात काय, कुणालाच पत्ता नसतो' असं आपल्या सासूबाईंसमोर बोलताना हे तुम्हाला आठवायला हवं होतं.

इकडे थंडी बरीच पडली आहे. छायाला बरं आहे.

आता तुमच्याकडून घेतलेल्या डुक्कर फियाटबद्दल. घेताना जॅक लावून चारही चाकं मी हाताने फिरवून पाहिली होती. मोकळी होती. आठवड्याने छायाला घेऊन दिंडोरी रस्त्याला गाडी काढली. चार-पाचदा ब्रेक दाबला तसं पुढचं डावं चाक जड झालं. पाय काढला तरी ब्रेक सुटेना. उतारावर गाडी डावीकडे ओढत गेली ती थेट बाभळीवर. छाया डावीकडेच बसली होती.

बरं आहे असं वर लिहिलं खरं. तिच्या हाताचं प्लास्टर निघालं, पण मूठ वळत नाही. भाकरी मी थापतो. ती सांगते तशी गोल अजून जमलेली नाही.

मी ब्रेक खोलले. आतली रबरं फुगून जाम झालेली. ब्रेकच्या टाकीतलं तेल वाटीभर पाण्यात टाकलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, हे वर तरंगलं. म्हणजे इंजिनाचं ऑइल. शिवाय चारही चाकांमागच्या, ब्रेकमधली हवा काढायच्या निपलांवर पान्याचे ताजे ओरखडे. निपल सोडून दाब काढला होता, म्हणून त्या दिवशी चाकं मोकळी फिरली.

तुमचा ड्रायव्हर केरू परवा पेट्रोलपंपावर भेटला. म्हणाला, "मामा, शेठच म्हनले ब्रेकमधी आईल टाक. टाकलं. त्याचं आईल येगळं असतं, मला काय ठावं? मंग चाकं धराया लागली तं म्हनले, निपल सोड अन् गप बस. झुंबर लय हुशार समजतो सोताला, बघंल तो."

केरूची चूक एका शब्दाची. आपल्याकडे सगळ्यालाच ऑइल म्हणतात. चाकं धरतात हे तुम्हाला मात्र माहीत होतं. तरी दवाखान्यात, छाया आत विव्हळत असताना, तुम्ही सासूबाईंना सांगितलंत की माझ्या वर्कशॉपातला चुकीचा डबा तिनेच ब्रेकमध्ये ओतला. तेव्हापासून आई लेकीशी बोललेली नाही. फोन वाजला की छाया अजून धावते. आईचा नसतो.

केरूला काढलंत तर माझ्याकडे काम आहे.

गाडी दुरुस्त झाली. नळ्या धुतल्या, रबरं नवी, तेल योग्य. पार वणीपर्यंत नेऊन आणली, एकही चाक गरम नाही. छाया काही बसली नाही.

सरिताताईंकडून आलेल्या तुमच्या निरोपाला मी तोंडी नाही म्हणालोच आहे. आता लेखी देतो. याची झेरॉक्स सासूबाईंनाही टाकली आहे. साठ हजारांना दिलेली गाडी तुम्ही एक लाख दहा हजारांना परत घेता, फक्त तेल छायानेच ओतलं एवढं मी एकदा सासूबाईंसमोर म्हणावं, असा तो निरोप. त्यांच्या थोरल्या जावयाने धाकट्या लेकीवरच्या आळाचा लावलेला भाव त्यांनाही कळू दे : वरचे पन्नास हजार रुपये.

छायाचा नवरा,
झुंबर