आईनं हाकललेला मांत्रिक

आसारामदादा,

तू तर मरून गेलास, पत्र टाकू कुठं? तरीबी लिहितो.

औंदा उमापुरात पाण्याचा टिपूस न्हाई, म्हणून आपण कोयता घिऊन सहकारी कारखान्यावर आलतो. तिथंच उसाच्या फडात तुला साप चावला. तुला जाळून आलो अन दुसऱ्या दिवशी आई पुन्हा ऊस तोडाया गेली. रडली न्हाई. तुझं नावबी घेईना. मला वाढायची अन सवता ताटावर नुसती बसून ऱ्हायची.

मला तर खोडी काढल्याबिगर करमत न्हाई. बायांना भेव दावाया रद्दीतून एक भुताचं पुस्तक आणलं अन सांजच्याला आपल्या पाचटाच्या कोपीसमोर मोठ्यानं वाचाया लागलो. अंधारात भूत दाराशी येऊन उभं ऱ्हातं, असं आलं. शेजारच्या कोपीतली चंद्रभागाकाकू किंचाळलीच. आई म्हणली, "कावून भाईर उभं केलं रं तेला? उपाशी असंल. आत ये म्हण."

"आई, भूत हाय ते!"

"आसाराम म्हण तेला," म्हणली, अन पदरात तोंड घालून लई रडली.

तवापास्नं रोज वाच म्हणती. पुढं मांत्रिक येतो, भुताला बाटलीत घालाया. आई वरडती, "हाकल त्या मुडद्याला!" मग मी पुस्तक तसंच धरतो अन मनानंच वाचतो, की आसाराम आत आला, हातपाय धुतले, जेवाया बसला.

तू जेवतो तवर आईबी जेवती, दादा. म्हणून मी तुला ताटावरून लवकर उठू देत न्हाई.

तुझा खोडकर,
गहिनी