तीनदा बाहेर, चारदा आत

सोमवार, ३

आज घरात पाहुणी आली. दीड महिन्याची तपकिरी कुत्री, पोट भोपळ्यासारखं आणि पंजे अंगापेक्षा दोन मापं मोठे. धाकट्या बहिणीने टोपली दारातच माझ्या हातात कोंबली आणि बजावलं, दादा, नाही म्हणायचं नाही. हल्ली मी कशालाच नाही म्हणत नाही, हे तिला ठाऊक आहे.

मलाच या घरात येऊन तीन आठवडे झालेत. ही, माझी बायको, गेल्यावर मोठं घर सोडलं, नोकरी बदलली. आता दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण आणि पुढे तीन पायऱ्या. काम तेच, कवळ्या बनवण्याचं, फक्त टेबल नवं. हिला जाऊन आठ महिने झाले, पण माझ्या डोळ्यांतून एक टिपूस आलेला नाही. धाकटी त्यालाच घाबरते. तिचं म्हणणं, घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं.

पाहुणीने आल्या आल्या माझ्या चपलेवर शू केली आणि दुसऱ्या चपलेवर डोकं ठेवून झोपली. नाक कोटाच्या गुंडीसारखं, काळं आणि गोल. म्हणून नाव गुंडी. छान वाटलं. म्हणजे, वाटायला हवं होतं.

मंगळवार, ४

गुंडीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी कान पाहिले, दात पाहिले. दात मीही पाहिले, धंद्याची खोड. सुयांसारखे आहेत.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. सुरुवातीला एकच खोली द्या. खाणं ठरल्या वेळी, दिवसातून चारदा. खाल्लं किंवा झोपून उठली, की लगेच अंगणात, रोज त्याच कोपऱ्यात. कुईकुई केलं की दर वेळी उचलून घ्यायचं नाही. अंथरुणात तुमचा अंगातला एखादा सदरा ठेवा, वासाने धीर येतो. आणि मुख्य म्हणजे तिला एकटं राहायला शिकवा. दोन मिनिटं बाहेर जा, परत या. मग पाच, मग दहा. जाताना निरोप घ्यायचा नाही, आल्यावर लाड करायचे नाहीत. गेलेलं माणूस परत येतं, एवढं तिच्या डोक्यात बसलं की झालं.

मी मान हलवली. घासात खडा यावा तसं ते शेवटचं वाक्य घरी येईपर्यंत दाताखाली येत राहिलं.

गुरुवार, ६

मालकांनी या आठवड्यात अर्धाच दिवस यायला सांगितलंय. भला माणूस. दुपारी शिकवणी असते, गुंडीची आणि माझीही.

दार ओढून घ्यायचं, तीन पायऱ्या उतरायच्या, फाटकाबाहेर घड्याळ बघत उभं राहायचं. आतून असा काही आक्रोश, की ऐकणाऱ्याला वाटावं आत कुणाची सालं काढतायत. दोन मिनिटांनी आत गेलो, तर बाईसाहेब माझ्या निळ्या सदऱ्याची बाही चघळत बसलेल्या. पाच मिनिटांच्या वेळी रडणं कमी झालं. दहाच्या वेळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, तेव्हा ती झोपली होती.

शिकतेय पोरगी.

शनिवार, ८

समोरच्या घरात एक मावशी राहतात. दिवसभर खिडकीत विणत असतात आणि गल्लीतलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. आज त्यांनी हाक मारून विचारलं, हे काय चाललंय, सारखं आत-बाहेर, आत-बाहेर? मी सांगितलं. त्या हसल्या, बरं केलंत म्हणाल्या. मग सुई कपाळाला लावून म्हणाल्या, पण माझा हिशेब काही जुळत नाही बघा. आज तुम्ही तीनदा बाहेर आलात आणि चारदा आत गेलात.

म्हटलं, टाके मोजता मोजता चुकला असाल. टाके मोजण्यात मी चुकत नाही, असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

घरी येऊन दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं, अगदी कपाटसुद्धा उघडलं. कुणी नव्हतं. गुंडी मात्र कपाटासमोर बसून शेपूट हलवत होती.

सोमवार, १०

आजपासून पूर्ण दिवस काम. चारला सुटलो. भराभर चालत आलो. घाण केली असेल, भुकेने रडत असेल, असं मनात येत होतं.

घरात पाऊल टाकलं तर फरशी कोरडी होती. वाटी घासून पालथी घातलेली. गुंडीचं पोट टम्म. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

मावशी म्हणाल्या, दुपारी येऊन जाता ते चांगलं करता. आणि काय हो, केवढ्याने हसत होता! इतके दिवस तोंडावरची माशी उडत नव्हती तुमच्या.

दुपारी मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीला मेण लावत होतो. टेबलावरून उठलोही नाही. आणि मी हसलेलो नाही.

मंगळवार, ११

आज गुंडी पहिल्यांदा भुंकली! तेही कुणावर, तर आरशातल्या गुंडीवर. स्वतःच दचकली आणि पलंगाखाली पळाली. हसून हसून पोट दुखलं माझं. वाटलं, ही असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. मग रडू आलं. खूप वेळ रडलो. गुंडी गाल चाटत होती. मोकळं वाटलं.

बुधवार, १२

वरचं मी लिहिलेलं नाही.

काल मी वहीला हात लावला नव्हता. अक्षर माझंच आहे. वेलांटीचं वळणही माझंच.

कुलूपवाल्याला बोलावून कुलूप बदललं. त्याने विचारलं, चोरी झाली का? हो म्हणालो. काय गेलं, विचारलं. ते सांगता येईना.

भीती वाटायला हवी. छातीवर हात ठेवून पाहिला. ठोके नेहमीसारखेच होते. आता वही कामावर नेणार.

गुरुवार, १३

रजा काढली. दिवसभर खुर्ची दाराला लावून बसलो.

कुणी आलं नाही.

गुंडीही दाराकडे तोंड करून बसली होती. खाणं पुढे केलं, हुंगलंही नाही. बाराच्या सुमाराला कान टवकारले, शेपटी आपटायला लागली. बाहेर कुणीच नव्हतं. हळूहळू शेपटी थांबली. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं, तसं.

मग रडायला लागली. उचलून घेतलं तर जास्तच.

शुक्रवार, १४

कामावरून धाकटीला फोन केला. सांगायचं होतं, ही गुंडी घेऊन जा.

तिने बोलूच दिलं नाही. हसत होती, मध्येच नाक ओढत होती. म्हणे, दादा, सकाळी तू केवढा बोललास! तासभर. दवाखान्यातलं सगळं सांगितलंस, वहिनी शेवटच्या दिवशी काय म्हणाली तेही. किती रडलास रे. मीही रडले. माझा दादा आज परत आला.

सकाळी तासभर मी साचे ओतत होतो. मालक शेजारीच होते.

मी विचारलं, काय म्हणाली होती ही शेवटच्या दिवशी?

तिला वाटलं, मी गंमत करतोय. म्हणाली, असं काय रे, तूच तर सांगितलंस. आणि गहिवरून फोन ठेवला.

मला आठवत नाही. बराच वेळ आठवून पाहिलं. ही माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते. पुढे काही नाही.

शनिवार, १५. साडेअकरा

कामावरून मधूनच निघालो. गुंडीला उचलायचं आणि धाकटीकडे जायचं, एवढंच ठरवलं होतं.

किल्ली फिरली, पण आतून कडी आहे.

खिडकीतून पाहिलं. तो जमिनीवर बसला आहे. अंगात निळा सदरा. मांडीवर गुंडी, उताणी. तो तिच्याशी बोलतोय आणि डोळे पुसतोय. माझ्याच हातांनी.

काच वाजवली. त्याने मान वर केली.

घाबरला. मला घाबरला. गुंडीला छातीशी धरून मागे सरकला. ती माझ्यावर भुंकली.

पावणेबारा

मावशी येऊन गेल्या. कोण पाहिजे तुम्हाला, म्हणाल्या. मी म्हणालो, मी इथेच राहतो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. इथले भाऊ घरात आहेत, त्यांना त्रास देऊ नका, म्हणाल्या.

पायरीवर बसून लिहितोय. ऊन आहे. जाणवत नाही.

बारा

कडी काढल्याचा आवाज —

तो उंबऱ्यात उभा आहे. त्याचे हात थरथरतायत, माझे नाही. वाकून त्याने गुंडीला खाली ठेवलं. सोडलं.

ती उतरतेय. धडपडत. एक पायरी — दुसरी —

बूट हुंगला. आता हात. पेन धरलेला. नाक गार आहे, हे कळलं मला — कळलं — ती वर बघतेय, तिने जर मला ओळखलं तर मी