जुन्या व्हर्जनवरचा श्वास

३ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. घरी वापरायच्या श्वासयंत्रांचं सॉफ्टवेअर इथे तयार होतं. मी टेस्ट, म्हणजे ते सॉफ्टवेअर तपासणारे छोटे प्रोग्राम, लिहायच्या, आणि प्रत्येक टेस्ट प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या व्हर्जनवर चालते तशी जुन्यावरही चालली पाहिजे. कारण जुन्या यंत्रांना नवं व्हर्जन पेलत नाही. नव्यात एका ओळीत होणारं काम त्यांच्यासाठी चार ओळींत उलगडून लिहायचं, दात नसलेल्या माणसाला घास बारीक करून द्यावा तसं. माझी आत्या अशाच जुन्या यंत्रावर आहे. म्हणून तर ही नोकरी हट्टानं मिळवली.

खोलीला मोठी खिडकी. खुर्ची जुनी, पण ऐसपैस. बाजूच्या टेबलावर एक जुनं यंत्र, त्याला रबरी फुप्फुस जोडलेलं. टेस्ट सुरू झाली की ते फुगतं, बसतं. शेजारी बसणारे भाऊ सगळ्या ऑफिसचेच भाऊ. त्यांनी न सांगता चहा आणून दिला.

५ मार्च, बुधवार

आज सवयीनं एक ओळ नव्या धाटणीची गेली आणि जुन्या यंत्रानं ती नाकारली. दुरुस्त करायला वाकले, तर ती आधीच चार ओळींत उलगडलेली. मी हातही लावला नव्हता.

भाऊंना विचारलं. ते म्हणाले, या खुर्चीत आधी अक्का बसायच्या. साहेबांनी जुन्या टेस्ट काढायला सांगितल्या, तर अक्का हटून बसल्या, घरीच जाईनात. एका सकाळी खुर्चीतच गेलेल्या सापडल्या. त्यानंतर इथे कुणी टिकलं नाही. मी म्हटलं, मी टिकेन.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांचं फर्मान आलं: जुनं व्हर्जन बंद. सोमवारी सगळ्या यंत्रांना नवा प्रोग्राम जाणार. मी म्हटलं, जुनी यंत्रं जागच्या जागी थांबतील. अशी मोजकीच उरलीत, म्हणाले. त्या मोजक्यांत माझी आत्या आहे, हे तोंडावर सांगितलं.

त्यांनी भाऊंना टेबलावरच्या यंत्राचा प्लग काढायला लावला. प्लग निघाला. फुप्फुस फुगतच राहिलं — आणि भाऊ गळा धरून खाली बसले. ओठ निळे. मी प्लग परत लावला, तेव्हा कुठे त्यांना श्वास आला. साहेब तोवर पसार.

१० मार्च, सोमवार. सकाळ

भाऊ आले नाहीत. साहेबांनी आपल्या केबिनमधून जुन्या टेस्ट पुसल्यात. मी परत लिहितेय. त्या पास झाल्याशिवाय प्रोग्राम बाहेर जाऊच शकत नाही, अशी अट पण घालतेय.

मानेवर गार श्वास. माझ्या बोटांच्या आधी कळा दाबल्या जातात. घाबरलेय. तरी — अक्का, मी तुला भिऊन लिहीत नाहीये.

दुपार

प्रोग्राम अडला. केबिनमध्ये साहेबांचा श्वास कोंडला, स्ट्रेचरवरून नेलं, जिवंत आहेत म्हणे. आत्याला फोन केला. यंत्र नीट चाललंय, जेवायला ये म्हणाली.

खुर्चीतून उठले. माझा श्वास बंद.

बसले — आला.

संध्याकाळ

पुन्हा तेच. उठलं की बंद. हाका मारल्या, कुणी नाही. फोन लावला, तर त्यात नुसतं ते रबरी फुप्फुस ऐकू येतंय — फुगतंय, बसतंय —

अक्काला मी इथेच हवीय. कायमची.

नाही. साहेबांना जुमानलं नाही, तुला काय जुमानणार. आत्या ताट वाढून बसली असेल.

दार लांब नाही. छातीभर श्वास घेते नि उठते. खांद्यावर हात ठेवलायस, कळतंय. ठेव. अडवून बघ, मी काही