शेपूट हललं नाही

गास, रविवार

रायन बाळा,

तुझा सीझर मागचे पाय ओढायला लागला, तेव्हा मम्मी म्हणाली डॉक्टरकडे नेऊ. मी मात्र हट्टाने दोन महिने हाडवैद्याचं तेल चोळत बसलो. तो कण्हायचा आणि मला वाटायचं, तेल लागू पडतंय.

पाठीच्या कण्यात गाठ निघाली. कुत्र्यांत ती क्वचितच होते म्हणे. ऑपरेशन झालं, पण उशिरा. पाय गेले ते गेलेच.

काल व्हिडिओ कॉलवर तुझा आवाज ऐकून त्याने कान टवकारले. शेपूट हललं नाही. मी कॅमेरा त्याच्या तोंडावरच धरला.

तू म्हणालास, "डॅडी, तुम्ही आहात म्हणून मला सीझरची काळजी नाही."

हे पत्र पोस्टात न टाकता बायबलमध्ये ठेवतोय.

तुझा डॅडी,
ॲन्सेल्म