रुमालाला पडलेली भोकं

सोमवार, ता. ३
आलो एकदाचा! मामाने माडीवरची खोली दिलीय. खिडकीतून कारखान्याच्या टाक्या दिसतात आणि प्रयोगशाळेची खिडकीही. म्हणजे ती, तिथेच काम करते. मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा बाबा म्हणाले, पोरीपायी आयुष्याचं वाटोळं केलंस. बघू म्हणावं! मामी म्हणाली, घोडा झालास तरी अक्कल गुडघ्यातच; पण दुसऱ्यांदा आग्रहाने वाढलं.

मंगळवार, ता. ४
आजपासून कारखान्यात कामाला लागलो. टाक्यांवरच्या मिस्त्रींना सगळे वाफकाका म्हणतात. त्यांनी कारखाना दाखवला. कातडी कमावणाऱ्यांच्या नाल्यातल्या चिखलात एक जिवाणू सापडला. त्याला टाकीत सोयाबीनचं पीठ चारायचं, ऊब द्यायची. तो जे एन्झाइम सोडतो ते गाळून वाळवलं की गव्हाळ भुकटी. ती चामड्यावरचे केस अलगद सोडवते, कपड्यांवरचे रक्ताचे डाग खाते. काका म्हणतात, कोरडी असली की झोपते, ओल लागली की उठते. आणि खाऊन खर्ची पडत नाही. एक काम उरकलं की पुढच्याला लागते. आमच्या साहेबांसारखी नाही!
सुटताना सोसवेल तितक्या कढत पाण्यात हात बुडवायचे, ही इथली रीत. उष्णतेने ती मरते. मी ओरडलो, तर काका म्हणाले, नवी नवरीही एवढी नाजूक नसते.

शुक्रवार, ता. ७
डबा खायच्या सुट्टीत ती भेटली. मला वाटलं लाजेल, तर म्हणाली, नव्या टाकीकडे फिरकू नकोस. तिथला जिवाणू उकळत्या झऱ्यातला आहे, त्याची भुकटी कढत पाण्याने मरत नाही. तपासणी अर्धवट आहे आणि साहेबांनी तिला गप्प बसवलंय. मी म्हटलं, तुझे साहेब तिथेच असतात, म्हणून मी नको होय? ती म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?
नव्हतं. तडक जाऊन नवी टाकी मागून घेतली.

बुधवार, ता. १२
चाळणीत गुठळ्या अडकतात, हातमोज्यांनी फुटत नाहीत. सगळे मोजे काढतात, मीही. सुटताना कढत पाणी आहेच की.
बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. फाटकावरच्या यंत्राने आज माझा अंगठा ओळखला नाही. पहारेकरी म्हणाला, यंत्र म्हणतंय हा तो नव्हेच.
संध्याकाळी रेशमी रुमाल घेऊन तिच्याकडे गेलो. भांडण मिटलं. ती रडली. मी तिचे डोळे पुसले, रुमाल स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात बांधला. तिचा हात सोडवेना.

शनिवार, ता. १५
तिने रुमाल आणून दाखवला. मी धरला होता तिथे भोकं पडलीत. बोटाबोटाची. कडा ओलसर. मी हसून म्हटलं, कसर लागली असेल. ती हसली नाही. तिचाही अंगठा यंत्र ओळखत नाही. डोळ्याखाली खाज सुटलीय म्हणाली.
नव्या टाकीबद्दल ती खरं सांगत होती.

रविवार, ता. १६
मामीकडून उकळतं पाणी घेतलं. पुन्हा पुन्हा. कातडी भाजली, बाकी काही नाही. हातावरचे केस टॉवेलला आले. लोकरीच्या पांघरुणाला माझ्या हाताच्या आकाराची खिडकी पडलीय.
वाफकाका बघायला आले. दारातच थांबले. हात खिशात. म्हणाले, पोरा, मला कुणी सांगितलं नव्हतं रे.
मला सांगितलं होतं.

मंगळवार, ता. १८
पेन चिंधीने बांधून लिहितोय. नख गादीवर सापडलं. दुखत नाही. दुखायला हवं होतं—
डॉक्टरने लांबूनच मलम ठेवलं.
मामीने रडत सांगितलं, तिच्या पापण्यांचे केस गेले. गालावर खळगे पडलेत. मी पुसलं होतं तिथेच. बोटाबोटाचे—

बुधवार, ता. १९. दुपार
ती आलीय. दाराबाहेर. मामा-मामी घरात नाहीत. जा म्हणतोय तर तिला वाटतंय मी अजून रुसलोय. म्हणते, वेड्या, उघड ना, मला भीती वाटते—
रडतेय. रडू नकोस गं, ओल—
कडी लावायला बोटं वळत नाहीत. दार ढकलतेय. खांदा लावून बसलोय, वही मांडीवर—
फटीतून तिचा हात आत आलाय. माझा हात शोधतोय. मी मागे घेतोय, घेतोय, पण तिने—