भरलेल्या रिव्हॉल्व्हरची व्यवस्था

मी, देवानंद तुकाराम मेश्राम, वय पासष्ट, मूळ राहणार नागपूर, हल्ली मुक्काम नोव्हाय, मिशिगन, मोटारींच्या सुट्या भागांच्या टेस्टिंगमधून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. हात नाहीत. पार्किन्सन्समुळे अक्षर वेडंवाकडं आलं आहे. ते नशेत लिहिल्यासारखं दिसलं तरी मी चहापलीकडे काही घेत नाही, याची वाचणाऱ्याने नोंद घ्यावी.

वकिलाने इंग्रजीत एक मृत्युपत्र केलं आहे, ते कायद्यासाठी. चार पानं आहेत आणि त्यात मी कुठेच नाही. हे मराठीतलं माझा मुलगा धम्मदीप याच्यासाठी आहे. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे.

कलम १. घर धम्मदीपला. विकलं तरी माझी हरकत नाही. बेसमेंटमध्ये ओल येते, हे घेणाऱ्याला आधी सांगावं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

कलम २. बँकेत जे असेल ते नात हर्षिता हिच्या शिक्षणासाठी. ती चार वर्षांची आहे. मी तिला तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा वेस्ट विंडसरला धम्मदीपच्याच घरी. या घराचा उंबरा तिने अजून ओलांडलेला नाही. का, ते कलम पाचमध्ये.

कलम ३. पुस्तकं आणि बुद्धमूर्ती आपल्या पौर्णिमेच्या वंदनेला जमणाऱ्या मंडळींना द्यावी. मूर्ती उंच शेल्फवर ठेवावी. मागे एकदा कोणी तरी ती फ्रीजवर, नाश्त्याच्या सीरियलच्या डब्यांशेजारी ठेवली होती. कोणी, ते मला माहीत आहे, पण मेल्यावर कटकट नको.

कलम ४. गराजमधली हत्यारं जवळच्या ट्रेड स्कूलला. धम्मदीप सॉफ्टवेअर लिहितो, त्याला स्क्रू कुठल्या दिशेने फिरवायचा तेही विचारावं लागतं. माझा मित्र विष्णू करंदीकर याचा माझ्या टॉर्क रेंचवर, म्हणजे नट मोजून आवळायच्या पान्यावर, वीस वर्षं डोळा आहे. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतो. कायद्यात कधीकधी न्याय सापडतो.

कलम ५. बेसमेंटमध्ये स्टीलच्या पेटीत एक रिव्हॉल्व्हर आहे. जुन्या पद्धतीचं, काळ्या दारूचं. सहा चेंबर. यात तयार काडतूस नसतं. प्रत्येक चेंबरमध्ये दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, त्यावर ग्रीस, आणि मागे ठिणगीची टोपी. माझा शेजारी अर्ल, आता फ्लोरिडाला गेला, त्याने मला ते दिलं. कागद निळ्या फाइलमध्ये आहेत.

अर्ल म्हणाला होता, हे भरून ठेवायचं नसतं. दारू ओल धरते, ख्रिसमसपर्यंत मरून जाईल. मी सबंध नोकरी गंज आणि ओल यांच्याशी झुंजण्यात काढली. दाराच्या बिजागऱ्या मिठाच्या फवाऱ्यात ठेवून दहा वर्षांचं आयुष्य सहा आठवड्यांत मोजणारा मी माणूस. मला असं कोणी सांगावं? नोव्हेंबर १९८७मध्ये मी सहाही चेंबर भरले, गोळ्यांच्या कडा आणि टोप्या मेणाने बंद केल्या आणि वहीत लिहिलं: मुदत पाच वर्षं. मग सहा बार एकामागून एक काढायचे. उडाले तर मी खरा.

माझी बायको अंजना रोज सकाळी पंचशील म्हणायची. पहिल्या शीलाला, प्राण्याची हत्या न करण्याच्या, तिचा आवाज मुद्दाम चढायचा आणि तोंड बेसमेंटच्या जिन्याकडे असायचं. मी म्हणायचो, "अगं, हे शस्त्र नाही, सँपल आहे." ती म्हणायची, "सँपल आहे तर रिकामं ठेवा."

मी तिला आणि धम्मदीपला शब्द दिला होता: पाच वर्षं, एक दिवसही जास्त नाही.

मुदत संपायला महिना राहिला असताना दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं जेवण असतं. विष्णू आणि त्याची बायको सुलभा दरवर्षी येतात, तो आपट्याची म्हणून कुठली तरी पानं खिशात घेऊन येतो. धम्मदीप आणि सूनबाई अपर्णा आले होते. अपर्णाला तिसरा महिना होता. मी महिन्याच्या तपासणीसाठी रिव्हॉल्व्हर पेटीबाहेर काढलं होतं, तेवढ्यात बेल वाजली आणि मी ते टेबलावर तसंच टाकून वर गेलो. ही चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

विष्णू खाली कोकचे कॅन आणायला गेला. त्याला ते दिसलं. माणसाने काय करावं? हाक मारावी. याने सुलभाच्या पर्समधून कुंकू मागवलं, भांड्यातलं पाणी शिंपडलं, वर झेंडू ठेवला आणि कापूर ओवाळायला काडी पेटवली. भरलेल्या रिव्हॉल्व्हरवर. धम्मदीप, त्याच्या मागे अपर्णा आणि शेवटी मी जिना उतरत होतो, आम्हाला पहिल्यांदा दिसली ती पेटती काडी.

धम्मदीपने काडी हातातून हिसकावली. विष्णू म्हणाला, "अरे, घरात शस्त्र आहे आणि दसऱ्याला असंच कोरडं ठेवायचं? बरं नाही दिसत यार."

 धम्मदीप माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, टुनाइट. आज एम्प्टी करा. आय मीन इट."

आणि मी काय म्हणालो, ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहायची हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "याने पाणी घातलं, टेस्ट नासली. आता पहिल्यापासून पाच वर्षं मोजावी लागतील."

अपर्णा कोट घालायला वर गेली. धम्मदीप म्हणाला, "मग बाळ या घरात येणार नाही." मी म्हणालो, "नको येऊ दे." बापलेक दोघेही एका मातीचे.

अंजना एकटीच वेस्ट विंडसरला जाऊन यायची. तिने हर्षितासाठी जुन्या सामानाच्या गराज सेलमधून एक छोटी लाकडी खुर्ची आणली, पिवळा रंग दिला आणि जेवणाच्या टेबलापाशी ठेवली. फेब्रुवारी १९९५मध्ये अंजना वारली. खुर्ची तिथेच आहे. ती हर्षिताला द्यावी.

गेल्या महिन्यात दुसरी पाच वर्षं पुरी झाली. सहा बार काढायला गेलो, तर नेमबाजीच्या रेंजवाल्याने माझा हात पाहिला आणि नम्रपणे बाहेरची वाट दाखवली. विष्णू म्हणाला, "मी उडवतो ना." मी म्हणालो, ज्याने टेस्ट बुडवली त्याने निकाल वाचायचा नाही.

तेव्हा रिव्हॉल्व्हरची व्यवस्था अशी: माझ्या पश्चात धम्मदीपने जाणत्या माणसाला बरोबर घेऊन ते मोकळ्या जागी न्यावं. नळी सतत जमिनीकडे असावी. एक बार उडाला नाही तर मिनिटभर थांबावं, नळीत डोकावू नये. दोन बार एकदम उडण्याचा संभव आहे, म्हणून दुसरा हात पुढे ठेवू नये. कोणता चेंबर भिजला आहे ते मला माहीत नाही, म्हणून

(इथे लिहिणं दोन दिवस थांबलं.)

कलम ६. कलम पाचमधली व्यवस्था रद्द.

वकिलाच्या कागदात एक ओळ आहे: घरातील सर्व चीजवस्तू मुलाला. मी वरच्या सूचना लिहीत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी मेल्यावर घर आवरायला तोच येणार, बायको-मुलीला घेऊन येणार, आणि ती पेटी उघडणार. मी असताना जे पोरीच्या जवळ येऊ नये म्हणून तो चार वर्षं लांब राहिला, ते मी त्याच्या हातात देऊन जात होतो. वर सूचनाही देत होतो.

विष्णूला बोलावलं. माझे हात हलतात म्हणून चिमट्याने टोप्या त्याने काढल्या, मी फक्त शिव्या घातल्या. सहा चेंबरचा सिलिंडर वेगळा केला, मागची, टोप्या बसायची बोंडं फिरवून काढली आणि सिलिंडर बादलीभर पाण्यात टाकला. दुसऱ्या दिवशी दारूचा चिखल झाला होता. गोळ्या आत आहेत, पण आता ते नुसतं शिसं आहे. एकही बार उडाला नाही. उडाले असते की नाही, हे आता कोणालाच कळणार नाही. दहा वर्षांच्या वहीत निकालाचा रकाना कोरा आहे. मला त्याचा राग येतो आहे. हे लिहितानाही येतो आहे.

मग वेस्ट विंडसरला फोन केला. हर्षिताने उचलला. मी म्हणालो, मी आजोबा. ती म्हणाली, "आर यू द गन आजोबा?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

धम्मदीप फोनवर आला. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "टेस्टचं काय?" मी म्हणालो, "कॅन्सल केली." "कशी एम्प्टी केली?" "बादलीत, पाण्यात ठेवून." "आणि वेळ किती लागला?" "एक दिवस."

  तो म्हणाला, "बाबा, आई होती तेव्हा आपल्या घरात बादली नव्हती का?"

कलम ७.  बादली होती. अंजना रोज त्याच बादलीने फरशी पुसायची. धम्मदीपने येताना मुलीला घेऊन यावं किंवा येऊ नये, माझी अट नाही. अट घालायचा माझा हक्क मी या कलमाने सोडला आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे. आवडला असं नाही.

(सही) देवानंद तुकाराम मेश्राम

साक्षीदार: (सही) विष्णू करंदीकर. कुंकवाबद्दल लिहिलेलं खरं आहे.

साक्षीदार: (सही) सुलभा करंदीकर

स्थळ: नोव्हाय, मिशिगन
दिनांक: २३ नोव्हेंबर १९९७