पोट लहान झाले, हाडे शाबूत

तीर्थरूप आईस,
तुझ्या लेकीचा आणि नातीचा नमस्कार.

चिमणीची पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया काल उत्तम पार पडली. तुला ज्याची धास्ती होती ते घडले नाही. टेबलावरून खाटेवर घेताना तिचे एकही ठिसूळ हाड मोडले नाही.

सर्जन इतके कोवळे, की मला त्यांची पदवी तपासावीशी वाटली. शस्त्रक्रियेआधी तिला कसे उचलावे यावर मी त्यांची उलटतपासणी सुरू करताच चिमणी म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही पोटाचं बघा, हाडं मोडायला मी समर्थ आहे. आणि आई, तू जरा बाहेर बस बघू!" मी बसले. मग दंड न ओढता अंगाखाली तळवे कसे घालायचे, ते तिनेच सर्वांना शिकवल्याचे मला नंतर कळले.

वजन उतरले की पायांवरचा भार हलका होईल आणि वॉकर धरून उभे राहण्याचा सराव पुन्हा सुरू करता येईल. बाबांना झोप लागते ना?

तूर्त चमचाभर पाण्यानेही तिचे पोट भरते, तेव्हा आम्ही येणार म्हणून मायेने डबे भरून ठेवू नकोस. सोळा वर्षांची ही घोडी आज विचारत होती, "हात प्लास्टरमध्ये नसला तरी आजी भरवेल ना?"

भरव, आई. वाटी मात्र लहान घे.

तुझी,
थोरली